गाडी कुणाच्या नावावर?

'आम्ही' हे सर्वनाम मराठी गद्यात जुने आहे आणि सोयीचेही. अग्रलेख लिहिणारा एकटा असतो, पण लिहितो 'आम्ही'. घरातला एक जण निर्णय घेतो आणि पाहुण्यांना सांगतो, 'आम्ही ठरवलं.' प्रस्तुत लेखातला 'आम्ही' मात्र शब्दशः दोघांचा आहे. एकाने लिहिलेले दुसऱ्याने वाचले, खोडले, पुन्हा लिहिले, आणि जिथे एकमत झाले नाही तो मजकूर ठेवला नाही. विषय तसा रुक्ष आहे. २००७ साली आम्ही इंग्लंडमधून जर्मनीत राहायला गेलो तेव्हा तिथली जुनी गाडी सोबत नेली आणि तिची नव्याने नोंदणी केली, एवढीच हकीकत. पण त्या कागदांच्या ढिगात या सर्वनामाचा हिशेब आमच्यापुढे येऊन पडला, म्हणून हे लिहिणे.

आम्हा दोघांपैकी एक गणिताची शिक्षिका आणि एक इंजिनियर. गाडी २००३ साली लेस्टरमध्ये घेतली, तीन वर्षे वापरलेली व्हॉक्सहॉल ॲस्ट्रा. इंजिनियरचे तेव्हा शिक्षणच चालू होते, त्यामुळे पैसे शिक्षिकेच्या पगारातले. साहजिकच लॉगबुकावर नाव शिक्षिकेचे आले. ब्रिटिश लॉगबुक, म्हणजे व्ही ५ सी नावाचा तो कागद, एक गोष्ट स्पष्टपणे बजावतो की हा मालकीचा पुरावा नव्हे. त्यावर ज्याचे नाव असते तो गाडीचा नोंदणीकृत 'कीपर', म्हणजे गाडी बाळगणारा. आपल्याकडची कल्पना नेमकी उलट आहे. भारताच्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ज्याच्या नावावर गाडीची नोंद आहे तोच मालक, अशी व्याख्याच आहे. पुण्यात वाढलेल्या माणसाला आरसी बुकावरचे नाव म्हणजे सातबाऱ्यावरचे नाव वाटते. लेस्टरच्या त्या कागदावरची सूचना आम्ही वाचली आणि विसरलो. आमच्या लेखी गाडी शिक्षिकेची होती.

२००७ च्या वसंत ऋतूत इंजिनियरला जर्मनीत झिंडेलफिंगेन इथे नोकरी मिळाली. आम्ही जायचे ठरवले, असे आम्ही सर्वांना कळवले. घर मिळाले ट्युबिंगेनमध्ये, नेकार नदीच्या काठच्या त्या विद्यापीठाच्या गावी, जिथल्या बुरुजात कवी ह्योल्डरलिन १८०७ पासून १८४३ पर्यंत, मृत्यू येईपर्यंत राहिला. शिक्षिकेने शाळेचा राजीनामा दिला. गाडी विकून टाका, असे सगळेच म्हणाले, कारण उजवीकडे स्टिअरिंग असलेली गाडी तिकडे कोण घेणार आणि नेऊन करणार काय? या सबंध स्थलांतरात शिक्षिकेने एकच अट घातली. गाडी विकायची नाही.

ब्रिटनमधून गाडी कायमची बाहेर न्यायची तर लॉगबुकाचा ठरावीक भाग भरून, फाडून स्वान्झीच्या वाहननोंदणी कचेरीकडे धाडायचा असतो आणि उरलेला कागद नव्या देशात दाखवायला जवळ ठेवायचा असतो. तेव्हा ब्रिटन युरोपीय संघात होते, त्यामुळे जकातीचा प्रश्न नव्हता. संघातल्या संघात दुसऱ्या देशात नेलेल्या गाडीवर नव्या ठिकाणी कर द्यावा लागे तो 'नवी' ठरणाऱ्या गाडीपुरता, म्हणजे सहा महिन्यांहून कमी वयाच्या किंवा सहा हजार किलोमीटरांहून कमी धावलेल्या. आमची गाडी दोन्ही बाबतींत कधीच प्रौढ झाली होती. डोव्हरहून बोटीने कॅलेला उतरलो, हेडलाइटवर ठरावीक जागी काळ्या पट्ट्या चिकटवल्या आणि फ्रान्समधून रॅंस, मेत्झ, स्ट्रासबुर्ग या वाटेने निघालो. टोलनाके सगळे डाव्या हाताला. चालवणारा उजवीकडे, म्हणून तिकिटे घेणे, पैसे देणे, नाक्यावरच्या माणसाशी बोलणे हे सगळे शेजारी बसलेल्या शिक्षिकेच्या वाट्याला आले. पहिल्याच दिवशी गाडीने कामांची नवी वाटणी करून टाकली होती. ती पुरती कळायला आम्हाला बरेच महिने लागले.

जर्मनीत राहायला आलेल्या माणसाने आधी स्वतःची नोंद नगरपालिकेत करायची असते. ती झाली की गाडीची पाळी. उजवे स्टिअरिंग तिथे निषिद्ध नाही, हे ऐकून बरे वाटले. पण बाकीची गाडी त्या देशाच्या रस्त्याला साजेशी हवी. गाडी युरोपीय मानकांप्रमाणे बनली आहे असा उत्पादकाचा दाखला मागवला. मग तपासणी. तपासनीस गाडीपुढे वाकला, हेडलाइटवर बोट ठेवून मान हलवली आणि भिंतीवर पडलेला झोत आम्हाला दाखवला. डिपरवरचा झोत सरळ आडवा पडत नाही, एका बाजूला तो किंचित वर चढतो. कडेचा पादचारी आणि पाट्या दिसाव्यात, पण समोरच्याचे डोळे दिपू नयेत, अशी ती योजना असते. डावीकडून चालणाऱ्या देशात झोत डावीकडे चढतो. तीच गाडी उजवीकडून चालवली की तो चढलेला प्रकाश थेट समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. काळ्या पट्ट्या प्रवाशासाठी ठीक. कायमच्या रहिवाशाला दिवे बदलावे लागतात. मागचा धुक्याचा दिवाही ब्रिटिश पद्धतीने उजवीकडे होता, तो डावीकडे हवा. मैल दाखवणाऱ्या वेगमापकाची धास्ती होती, पण त्यावर किलोमीटरचे बारीक आकडेही असल्यामुळे तो सुटला.

सुटे भाग मिळायला वेळ लागला नाही. आमची व्हॉक्सहॉल जर्मनीत ओपेल म्हणून विकली जाते. दोन्ही कंपन्या १९२० च्या दशकापासून एकाच अमेरिकी उद्योगाच्या मालकीच्या होत्या, आणि ॲस्ट्रा दोन्ही नावांनी विकली जात होती. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडले आणि जुना मित्र भेटावा तसा हसला. बिल्ला सोडला तर त्याला त्यात परके काहीच नव्हते. शिक्षिका त्या दिवशी घरी येताना म्हणाली, "गाडीचं बरं आहे. तिचे दिवे बदलले की झालं." इंजिनियरने ते विनोद म्हणून घेतले.

मग नोंदणीची कचेरी. टोकन घेऊन बसलो. बरोबर इंग्लिश लॉगबुक, उत्पादकाचा दाखला, तपासणीचा अहवाल, पारपत्रे, नगरपालिकेच्या नोंदीचा कागद आणि विमा कंपनीचे दुहेरी कार्ड. हे कार्ड त्या काळी नोंदणीला लागे. २००८ मध्ये त्याच्या जागी सात अक्षर-अंकांचा संकेतांक आला. दुहेरी कार्डावर नाव इंजिनियरचे होते. कारणे सगळी सोयीची. नोकरीच्या ठिकाणच्या लोकांना त्या विमा कंपनीत सवलत होती, बँकखाते त्याचे होते, जर्मन थोडेफार त्याला येत होते. खिडकीपलीकडच्या बाईंनी लॉगबुकावरचे नाव पाहिले, कार्डावरचे नाव पाहिले आणि विचारले की 'हाल्टर' कोण? जर्मन 'हाल्टर' म्हणजेही बाळगणारा, सांभाळणारा. कुत्रा पाळणाऱ्यालाही हाच शब्द. प्रश्न जर्मनमध्ये होता, उत्तर इंजिनियरने दिले. शिक्षिकेला प्रश्न कळला नव्हता. तिने दाखवलेल्या ठिकाणी सही केली. इंग्लिश कागद कचेरीने ठेवून घेतला.

शेजारच्या दुकानात नंबरपाटी तयार करून मिळते. अॅल्युमिनियमचा पत्रा यंत्रात घातला, दाबला, अक्षरांवर काळा रंग चढवला, पाच मिनिटांत पाटी हातात. सुरुवातीला 'टी' आणि डोक्यावर दोन टिंबे असलेला 'यू', म्हणजे ट्युबिंगेन. इंग्लंडमधली पाटी गाडीची असते; धारक बदलो, गाव बदलो, गाडीचा नंबर सहसा तोच राहतो. जर्मनीतली पाटी गावाची असते. १९५६ साली पश्चिम जर्मनीत ही पद्धत सुरू झाली तेव्हा पूर्व जर्मनीतल्या शहरांची अक्षरेही मनात धरून राखून ठेवली होती, आणि १९९० च्या एकीकरणानंतर ती त्या शहरांना मिळाली. न आलेल्या माणसांसाठी जागा धरून ठेवण्याचा हा प्रकार आम्हाला फार आवडला, आणि त्यावर आम्ही त्या संध्याकाळी पुष्कळ बोललो. नोंदणीपत्रातल्या नावाविषयी बोललो नाही.

उजव्या स्टिअरिंगची गाडी उजवीकडून चालवताना एरवी फारशी अडचण नसते. अडचण येते ओव्हरटेक करताना. पुढे ट्रक असला की रस्त्याच्या मध्याकडे बसतो तो शेजारचा माणूस. चालवणारा कडेला, त्याला दिसते ते पुढच्या ट्रकचे मागचे दार आणि गवत. समोरून कोण येते ते फक्त शेजारच्याला दिसते. याच उलट्या मांडणीची अडचण एका अख्ख्या देशाने भोगली आहे. स्वीडनमध्ये १९६७ पर्यंत वाहतूक डावीकडून चाले, पण बहुतेक गाड्यांचे स्टिअरिंगही डावीकडेच असे. उजवीकडून चालावे का, असे १९५५ साली जनतेला विचारले तेव्हा सुमारे ८३ टक्के मतदारांनी नको म्हटले. १९६३ साली संसदेने तरीही बदल ठरवला आणि ३ सप्टेंबर १९६७ रोजी पहाटे पाच वाजता सगळा देश रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला गेला. निर्णय सुरक्षिततेच्या दृष्टीने योग्यच होता, असे इंजिनियरचे मत. योग्य असेल, पण मग आधी विचारले कशाला, असे शिक्षिकेचे. हा वाद आमच्यात अद्याप मिटलेला नाही; तो खोडायचा नाही यावर मात्र एकमत आहे.

२००७ च्या ऑक्टोबरातली एक संध्याकाळ. ट्युबिंगेनहून हेरेनबेर्गकडे जाणारा दुपदरी रस्ता, पाऊस, पुढे सफरचंदांनी भरलेली ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर. दहा मिनिटे त्याच्या मागे. इंजिनियरला उशीर होत होता. आमची रीत ठरलेली होती. तो विचारी, "आहे का?" आणि ती म्हणे "थांब" किंवा "चल". त्या संध्याकाळी त्याने विचारले, ती म्हणाली, "थांब." त्याने ऐकले आणि तरी गाडी बाहेर काढली. पुढच्या वळणापर्यंत रस्ता मोकळा असणार असा त्याचा अंदाज होता. समोरून ट्रकचे दिवे आले. ब्रेक, हॉर्न, पुन्हा ट्रॅक्टरच्या मागे. ट्रक गेला तो शिक्षिकेच्या दारापासून हातभर अंतरावरून. त्याच्या वाऱ्याने गाडी हलली. कुणाला काही झाले नाही.

ऊंटरयेझिंगेन गावात गाडी थांबवली. बराच वेळ कुणी बोलले नाही. मग ती म्हणाली, "मी थांब म्हटलं होतं."

"मला वाटलं, मोकळा आहे."

"तुला वाटलं. मला दिसलं होतं."

या दोन वाक्यांतला फरक आम्ही पुढे कितीतरी महिने बोलत होतो. धोका पत्करणारा उजवीकडे होता, धोका येत होता डावीकडून. ज्याच्या हाती स्टिअरिंग त्याला दिसत नाही, आणि जिला दिसते तिच्या हाती फक्त शब्द. त्या शब्दाला किंमत नसेल तर गाडीत दोघे बसलेले असूनही प्रवास एकट्याचाच. त्या रात्री शिक्षिकेने नोंदणीपत्र टेबलावर ठेवले. चार महिन्यांनी प्रथमच ते नीट वाचले जात होते. 'हाल्टर'च्या रकान्यात एक नाव, आणि ते तिचे नव्हते. गाडी तिच्या पगारातली, आणण्याचा हट्ट तिचा. इंजिनियर म्हणाला, नाव केवळ सोयीसाठी आहे, इथे नावाला मालकीचा अर्थच नाही, कागदावरही तसे छापले आहे. ते खरेच होते. मग ती म्हणाली, "अर्थ नाही, तर माझंच का नाही राहिलं?"

याला उत्तर नव्हते. विम्याचा हिशेब तिने त्याच रात्री मांडला. इंग्लंडमध्ये चार वर्षे अपघाताविना गाडी चालवल्याचे तिच्या नावाचे पत्र होते. ते जोडले असते तर तिच्या नावावरचा विमा सवलतीच्या विम्याहून फार तर काही युरोंनी महाग पडला असता. म्हणजे सोय हेही कारण नव्हते. कारण एवढेच की प्रश्न परक्या भाषेत विचारला गेला आणि ज्याला तो कळला त्याने दोघांच्या वतीने उत्तर दिले. त्यात दुष्टपणा नव्हता. पण राजीनामा, घर, गाव, सगळे याच रीतीने ठरले होते, आणि प्रत्येक वेळी आम्ही सर्वांना 'आम्ही ठरवलं' असेच कळवले होते. परदेशी गेलेल्या किती घरांत हे सर्वनाम असे एकट्याच्या खांद्यावरून बोलत असेल, हे आम्हाला माहीत नाही. आमच्या घरात ते बोलत होते.

त्या हिवाळ्यात शिक्षिका जर्मनच्या वर्गाला जाऊ लागली. गाडीत एक नियम ठरला, तोही तिनेच मांडला, गणितातल्या व्याख्येसारखा. 'थांब' हा हुकूम आहे आणि 'चल' ही केवळ परवानगी. 'चल' म्हटल्यावरही चालवणाऱ्याला न जाण्याची मुभा आहे. 'थांब' म्हटल्यावर जाण्याची नाही. काही महिन्यांनी ती आठवड्यातून तीन दिवस गाडी चालवू लागली आणि इंजिनियर डावीकडे बसू लागला. रस्त्याच्या मध्यावर, समोरून येणाऱ्या दिव्यांच्या बाजूला, स्टिअरिंगविना बसणे म्हणजे काय हे त्याला तेव्हा कळले. पहिल्याच दिवशी त्याने सात वेळा "थांब" म्हटले. ती सातही वेळा थांबली.

२००८ च्या उन्हाळ्यात आम्ही पुन्हा त्याच कचेरीत गेलो. जिल्हा तोच असल्यामुळे पाटी बदलावी लागली नाही. नोंदणीपत्राचे दोन्ही भाग, विम्याचा नवा संकेतांक आणि ओळखीचा कागद एवढे पुरले. खिडकीपलीकडून प्रश्न आला, हाल्टर कोण? शिक्षिकेने उत्तर दिले. व्याकरण चुकले असावे, कारण बाई किंचित हसल्या. पण त्यांनी लिहिले ते बरोबर लिहिले.

आज हे सगळे निराळे झाले असते. १ जानेवारी २०२१ पासून जर्मनीच्या दृष्टीने ब्रिटन हा परका देश आहे. तिथून गाडी आणायची तर सीमाशुल्क आणि आयातीवरचा कर यांचा प्रश्न आधी सोडवावा लागतो. राहायला येणाऱ्याला त्यातून सूट मिळते, पण तिच्या अटी आहेत: संघाबाहेर किमान बारा महिने वास्तव्य, गाडी किमान सहा महिने स्वतः वापरलेली, आणि आणल्यावर बारा महिने विकायची नाही. ही शेवटची अट आमच्या शिक्षिकेने न सांगताच पाळली असती. गावाच्या पाटीचेही पूर्वीसारखे राहिले नाही. २०१५ पासून जर्मनीत दुसऱ्या जिल्ह्यात राहायला गेले तरी जुनी पाटी ठेवता येते. ॲस्ट्राला त्याचा उपयोग झाला नाही. २०१४ च्या तपासणीत तिचा तळ गंजलेला निघाला, दुरुस्तीचा खर्च किमतीपलीकडे गेला, आणि ती मोडीत निघाली.

नोंदणी रद्द करताना कचेरीतल्या माणसाने पाटीवरची सरकारी मोहोर खरवडून काढली आणि पाटी परत दिली. ती गॅलरीत कुंडीमागे उभी आहे. नोंदणीपत्राचा दुसरा भागही शिक्का मारून परत मिळाला. तो पुस्तकांच्या कपाटात आहे. जर्मन लोक बोलताना त्याला अजून त्याच्या जुन्या नावाने 'ब्रीफ' म्हणतात, आणि त्याच शब्दाचा अर्थ पत्र असाही होतो. या कागदावर दोन धारकांपुरती जागा असते. आमच्या कागदावर दोन्ही जागा भरलेल्या आहेत, आधी त्याचे नाव, मग तिचे. आणि ज्याच्याजवळ हा कागद आहे तो त्यामुळे गाडीचा मालक ठरत नाही, हे वाक्य त्यावर दोघांसाठी एकदाच छापलेले आहे.